चिमा कोष्टिणीने अभिप्राय दिला त्याची हकीकत

श्री सटवाई समर्थ. पाळणा हलविणारे सकळ हात सुखरूप असोत. शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, वैशाख मासी, राज्यात बाळखाना म्हणोन कारखाना होता. ज्या घरी आई आजारी, तेथील लेकरू सरकारांनी संगोपनास न्यावे, ऐसा शिरस्ता. नेण्याचा शिरस्ता होता, परत देण्याचा कोणास सुचलाच नव्हता. चिमा कोष्टीण तापाने पडली आणि तिची तीन वर्षांची बकुळा ऐसीच नेली. मग ताप उतरला आणि चिमा नित्य बाळखान्याचे दारी जाऊन बसो लागली आणि दरवान म्हणे, "लेकरू मजेत आहे बाई, तू घरी जा."

तों हुजुरांचे मनी आले की, कारखाना उत्तम करावा, त्यास कुटुंबांचा अभिप्राय घ्यावा. मग नारो विसाजी कारकून दौत-लेखणी घेऊन चिमेचे घरी आले आणि पुसते जाहले, "आमची चाकरी कैसी वाटली? बरी की फार बरी?"

चिमा म्हणाली, "माझी पोर द्या."

"ते रकान्यात बसत नाही, बाई."

"पंत, हुकूम कुटुंबाचा अभिप्राय घ्यावा ऐसा ना? मग मी एकली कुटुंब कैसी? अर्धे तर तुम्ही उचलून नेले."

पंतांनी हुकूम तीन वेळां वाचिला, घाम पुसिला, परंतु बाईचे बोलण्यात खोट निघेना. मग अभिप्राय पुरा होई तों बकुळेस आईजवळ ठेवावे, ऐसी चिठ्ठी आणविली. बकुळा आली ती आईच्या गळ्यास बिलगली. चिमेने तिचे केस हुंगिले आणि म्हणाली, "लिहा. दुधावर साय दिसली की ही तोंड फिरविते. निजताना माझे कानाची पाळी धरिते. तुमचे येथे कोणाचा कान धरीत होती, ते पुसोन या." पंत लिहीत गेले आणि दिवस मावळला.

"संपले काय?"

"संपते कैसे? आता कोठे डावा कान झाला."

मग पंतांनी नित्य यावे आणि चिमेने माग चालवीत सांगावे, ऐसे वर्ष लोटले. कागदांच्या दोन गाड्या दरबारी गेल्या. ही युक्ती पेठेत फुटली आणि घरोघरच्या आया अभिप्रायास बसल्या आणि बाळखान्यात एक लेकरू उरले नाही. तेथील दरोगा नेमाप्रमाणे रिते पाळणे हलवीत होते, ते कंटाळले आणि हुजुरांकडे फिर्याद घेऊन गेले, "कोष्टिणीचा अभिप्राय आज बंद करावा आणि पोर परत आणावी."

हुजुरांनी नारोपंतांस बोलाविले. चिमा पोरीस कडेवर घेऊन मागे उभी होती. हुजूर म्हणाले, "पंत, खरे सांगा. अजून किती राहिले?"

पंतांनी एकवार बकुळेकडे पाहिले, हात जोडिले आणि म्हणाले, "महाराज, पोर अजून वाढते आहे."

हुजुरांनी विचार केला आणि आणखी कागद देवविला.

येणेप्रमाणे बाळखाना सुधारला. पाळणे रिते जाहले, घरे भरली. हकीकत इतुकीच.