चाळीस हिरवे कुत्रे

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा पोतं घेऊन घराबाहेर पडली आणि जागीच उभी राहिली. गल्लीतले सगळे कुत्रे हिरवे होते.

भोपाळच्या आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोडपासून आत असलेल्या या गावात कुत्रे चाळीस. परवा डॉक्टर आशिष कुत्रे पिसाळू नयेत म्हणून रेबीजची लस घेऊन आले होते. सुनंदा आणि शिल्पा या गावच्या पशुसखी, म्हणजे जनावरांची देखभाल शिकून आलेल्या बायका. सुनंदानं पोतं टाकून कुत्रा धरायचा, डॉक्टरांनी टोचायचं आणि शिल्पानं कुत्र्याच्या पाठीवर खुणेचा हिरवा पट्टा ओढायचा. एकतीस झाले. मग ढोल वाजले, बाकीचे शेतात पसार झाले आणि नऊ राहून गेले. त्यांच्यासाठी डॉक्टर आज पुन्हा येणार होते.

"रंग कुठून आणला होतास गं?" सुनंदानं विचारलं.

"जवाहर चौकातून. दुकानदार म्हणाला, पक्का आहे," शिल्पा रडवेली झाली. "काकू, पोरं म्हणतात, सुरुवात तुम्हीच केली. आम्ही फक्त राहिलेलं रंगवलं, अंगही आणि कुत्रेही."

ओट्यावर चहा पीत बसलेले सुनंदाचे यजमान नारायणराव खुशीत आले. "वा! माझ्या बायकोनं गावात हरितक्रांती केली!"

"अहो, हसू नका. शेजारच्या मंगलाची म्हैस गेली तेव्हा हसलात का?"

नारायणरावांनी कप खाली ठेवला. गेल्या वर्षी ती म्हैस लाळ गाळायला लागली. घशात काही अडकलं असेल म्हणून मंगलानं तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. म्हैस पिसाळलेली निघाली, तिला कुत्रा चावला होता. मग भोपाळला सुयांसाठी खेपा, आणि दर खेपेला मंगला सुनंदाचा हात धरून विचारायची, "मी वाचेन ना गं?" मंगला वाचली. पण तो प्रश्न पुन्हा कुणाच्या तोंडी येऊ द्यायचा नाही, म्हणून तर सुनंदा पशुसखी झाली होती.

डॉक्टर आले, कुत्रे बघून डोकं खाजवू लागले. "ताई, यादी केली होती ना?"

सुनंदानं वही पुढे केली. डॉक्टर वाचू लागले, "तांबडा. तांबडा. काळा. तांबडा. भुरा. तांबडा... यातला हा तांबडा कोणता?"

"तिसरा."

"दोनदा टोचलं तर कुत्र्याचं काही बिघडत नाही. पण लसी नऊच आहेत आणि तीन वाजता मला पुढच्या गावाला पोचायचंय. अंदाजानं टोचून टाकू."

"अंदाजानं नाही. घात करायला राहिलेला एक कुत्रा पुरतो."

तिनं चिडून खांद्यावरचं पोतं झटकलं. समोरचे तीन कुत्रे असे पळाले, की एकाची धडक डॉक्टरांच्या गुडघ्याला बसली. चौथा मात्र शेपूट हलवत आला आणि पोतं हुंगू लागला.

सुनंदा त्याच्याकडे बघत राहिली. "डॉक्टर, याला टोचा."

"कशावरून?"

"परवा ज्यांच्यावर हे पोतं पडलं, ते मला जन्मभर विसरणार नाहीत."

मग ती गावभर पोतं झटकत फिरली. जे पळाले त्यांना सोडलं, जे जवळ आले त्यांना टोचलं. दोन वाजेपर्यंत आठ झाले. नववा मात्र कुठे मिळेना. शेत झालं, नाला झाला, शाळेमागचा उकिरडा झाला. जो दिसे तो तिला बघून धूम ठोके.

"आता जीप काढतो, ताई," डॉक्टर म्हणाले.

"पाच मिनिटं. निदान पाणी तरी पिऊन जा."

घामेघूम सुनंदा ओट्यावर टेकली, पोतं मांडीवरच होतं. खाटेखालून एक हिरवं डोकं बाहेर आलं. पोतं हुंगून झालं, मग त्यानं सुनंदाचा हात चाटला.

"मोती!" नारायणराव म्हणाले. "अगं, याला तर तू सगळ्यात आधी टोचून घेतलं असशील?"

 घरचाच तर आहे, त्याला शेवटी बघू, असं सुनंदाच परवा म्हणाली होती. तिनं वही उघडून पहिल्यापासून बोट फिरवलं. गावातल्या चाळीस कुत्र्यांत नाव असलेला हा एकटा, आणि वहीत नेमकं तेवढंच नाव नव्हतं.

"डॉक्टर," तिनं पोतं उचललं, "पाणी नंतर प्या."