थंड टायरचे पासष्ट

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, आणि सहा वाजता निरीक्षक ट्रेलरच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन सहा महिने झाले तरी सगळी गल्ली त्यांना निरीक्षकच म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. हवा मोजायची तीन यंत्रं त्यांनी रुमालावर ओळीनं मांडली होती. एकाच टायरची हवा पहिलं यंत्र म्हणत होतं एकसष्ट, दुसरं चौसष्ट आणि तिसरं सदुसष्ट.

गाडीत पुढच्या सीटवर त्यांची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे नवरा सोडून सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं. गेल्याच महिन्यात तीही सुटली होती. या सुट्टीत तिला काहीच बघायचं नव्हतं. तळ्याकाठी नऊ नंबरची जागा चार दिवसांसाठी मिळाली होती. तिथं हे दोन चाकांवरचं घर उभं करायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि कुणाचीही हाक न ऐकता बसून राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं. फक्त तळ्याचं फाटक संध्याकाळी सहाला बंद व्हायचं, आणि पहिल्या दिवशी सहाच्या आत जो पोचणार नाही त्याची जागा दुसऱ्याला जायची.

"रस्ता तीन तासांचा आहे," निरीक्षक म्हणाले. "बारा तास आहेत हातात. कशाला घाई करतेस?"

"मी कुठे काय बोलले?"

"चेहऱ्यावर दिसतंय. अगं, मागे घर ओढायचं म्हणजे पोरखेळ नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, थंड टायरला पासष्ट. तिघांची सरासरी येते चौसष्ट. म्हणजे एक कमी."

त्या एकासाठी ते कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेले. मोजलं तर सरासरी अडुसष्ट! घरून निघताना जी हवा एक कमी होती ती तीन किलोमीटर चालून तीन जास्त झाली होती. निरीक्षकांनी लगेच हवा सोडायला घेतली.

इथेच सिस्टरची चूक झाली. पुढे दिवसभर तिनं त्याबद्दल स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. ती खिडकीतून सहज म्हणाली, "अहो, चालून गरम झालेत टायर, वाढणारच हवा. जिना चढून आलेल्या पेशंटचं बीपी आम्ही लगेच घेत नाही."

तिला म्हणायचं होतं, राहू द्या, निघू या. निरीक्षक मात्र हातातलं यंत्र तसंच धरून थबकले. तिच्याकडे त्यांनी एवढ्या कौतुकानं गेल्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मग काय करता?"

"बसवतो थोडा वेळ."

निरीक्षकांनी पुस्तक उघडलं. टायर पूर्ण थंड व्हायला तीन तास, असं त्यात लिहिलेलंच होतं. त्यांनी डायरीत वेळ टिपली, सहा चाळीस, आणि घडीची खुर्ची काढून टायरशेजारी ठाण मांडलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला.

साडेआठला पेट्रोलचा टँकर आला. मिशीवाला पंपमालक धावत आला. "काका, गाडी जरा पुढं घ्या, वीस पावलं फक्त."

"अहो, पण टायर चालतील ना!"

"चालायलाच असतात ते."

वीस पावलं गाडी पुढं गेली आणि निरीक्षकांनी डायरीतली वेळ खोडून नवी घातली. "अहो, वीस पावलांनी काय होतंय?" सिस्टरनं विचारलं. "तत्त्वाचा प्रश्न आहे," निरीक्षक म्हणाले. या तत्त्वापुढे तिनं लग्नापासून हात टेकले होते.

नव्या जागी अकराच्या सुमारास ऊन आलं, आणि तेही फक्त उजव्या बाजूला. डावा टायर सावलीत, उजवा उन्हात. अशानं दोघांची तुलनाच होणार नाही, असं निरीक्षकांचं म्हणणं पडलं. गाडी फिरवावी तर टायर पुन्हा चालणार. मग त्यांनी ट्रेलरमधून चादर काढली, नळाखाली भिजवली, उजव्या टायरला गुंडाळली आणि डायरीतली वेळ पुन्हा नवी घातली. चादर नवी होती. खास तळ्याकाठच्या चार दिवसांसाठी सिस्टरनं निवडून आणलेली, फिकट निळी.

"ताप उतरत नाही का?" पंपमालकानं हळूच येऊन विचारलं.

सिस्टरला हसू आलं नाही. तिचे पाय सुजले होते, पाठ धरली होती, आणि आयुष्यभर वॉर्डात जे केलं तेच आपण पेट्रोल पंपावर करतोय असं तिला वाटत होतं. दर अर्ध्या तासानं चादर वाळायची. दर अर्ध्या तासानं "अगं, जरा पाणी" अशी हाक यायची. आणि जन्माची सवय कुठली सुटायला, ती उठायचीही. एकदा तर तिनं टायरला हात लावून पाहिला आणि स्वतःचाच तिला राग आला.

शेवटी दोन वाजता मोजणी झाली. निरीक्षकांची यंत्रं म्हणाली त्रेसष्ट, सहासष्ट, एकोणसत्तर. पंपावरचं यंत्र म्हणालं पासष्ट. निरीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आता चौथं मत आलं. यातलं खरं कुणाचं?"

"अहो, पासष्टच हवे होते ना? झाले की!" सिस्टरचा आवाज रडवेला झाला होता. "अडीचला निघालो नाही तर नऊ नंबर गेला. मला तळं दिसायच्या आधी मोतीबिंदू होईल."

"पण या यंत्राचा भरवसा काय? मी खात्यात होतो, मला माहितेय पंपांवर काय चालतं ते."

हे मात्र पंपमालकाला झोंबलं. "भरवसा? आमच्याकडे सर्टिफिकेट आहे, काका! सरकारी! या इकडं."

काउंटरच्या मागं, काचेच्या चौकटीत, शिक्क्यासह प्रमाणपत्र लावलेलं होतं. निरीक्षकांनी चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली. 'सदर यंत्र समक्ष जागेवर येऊन तपासले व बिनचूक आढळले.' खाली सही होती. ती पाहून निरीक्षक काचेजवळ आणखी वाकले.

"हे साहेब फार कडक म्हणे," पंपमालक अभिमानानं सांगत होता. "सगळे टरकून असायचे त्यांना. आम्ही काही कधी पाहिले नाहीत."

सिस्टर मागून आली. तिनं आधी सही पाहिली. ती सही तिच्या घरातल्या प्रत्येक कागदावर होती. मग तिनं तारीख पाहिली, आणि चौतीस वर्षं पेशंटच्या तारखा लक्षात ठेवणारं तिचं डोकं चालू लागलं.

"अहो," ती अगदी हळू, पेशंटशी बोलावं तशी म्हणाली, "या तारखेला तुमचं अपेंडिक्स काढलं होतं. सात नंबरच्या खाटेवर होतात तुम्ही, नाकात नळी. संध्याकाळी ऑफिसचा शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन आला होता. मीच तर उशी लावून बसवलं तुम्हाला सह्यांसाठी."

निरीक्षकांनी पंपमालकाकडे चोरून पाहिलं. तो गिऱ्हाइकात गुंतला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"निघू या," ते म्हणाले. "यंत्र बिनचूक आहे."

मग मात्र ते सुतासारखे सरळ झाले. साठच्या पुढं काटा नेला नाही, पण गाडीही कुठं थांबवली नाही. आरशातून टायरकडे दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा सिस्टर नुसती खाकरली. ओली चादर मागच्या खिडकीत वाळत होती आणि पुढं सिस्टर चक्क झोपून गेली, तोंड उघडं टाकून.

तळ्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. पहारेकऱ्यानं वहीत नऊ नंबरपुढे खूण केली, ट्रेलरला एक चक्कर मारली आणि आपुलकीनं म्हणाला, "लांबून आलात. आत हवा मोजायचं यंत्र आहे बरं का. सर्टिफिकेटवालं."

झाडांमागे पाणी दिसत होतं. सिस्टरनं चपला केव्हाच काढून ठेवल्या होत्या. तिनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"तारीख काय आहे हो त्याच्यावर?"

"नको, नको," निरीक्षक घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी गाडी आत घेतली. "हवा उत्तम आहे."