शुक्रवारची आवराआवर

कोणतीही गोष्ट उभारायला उत्साह पुरतो. काढायला मात्र नोटीस लागते. पुण्यातल्या मांडवांनी हे सिद्ध केलंच आहे. सोसायटीच्या आत कोण राहतं हे फाटकावरच्या वॉचमनला सांगणारं ॲप चालवणाऱ्या बाणेरच्या एका कंपनीत ऋतुजाने हा प्रश्न मुळातून सोडवला. सोमवारी तिची नोकरी पक्की व्हायची होती, त्यामुळे जरा जास्तच मुळातून सोडवला.

तिची पद्धत सोवळ्यासारखी कडक होती. सर्व्हरवर काहीही चढवायचं तर त्याचा प्रकार आधी जाहीर करायचा: ‘खरं’ की ‘चाचणी’. पुढची प्रत्येक पायरी आपल्याच प्रकाराला हात लावी, दुसऱ्याला शिवत नसे. ‘खरं’ चढवायला तीन साहेबांची मंजुरी (दोन मीटिंगमध्ये, तिसरे सुट्टीवर). ‘चाचणी’ला मंजुरीच नको, फक्त शुक्रवारी संध्याकाळी ती आपोआप, मुळासकट उतरवली जाई. चुकीला जागाच ठेवली नव्हती.

त्यामुळे लोकांनी ती जागा स्वतः केली. मंजुरीसाठी ताटकळण्यापेक्षा जो तो ‘चाचणी’ लिहू लागला. टीमचा प्रमुख पृथ्वीराज याने तर रहिवाशांच्या सगळ्या नोंदींसकट अख्खं ॲप ‘चाचणी’ म्हणून चढवलं.

“अरे, पण हे खरं आहे!” ऋतुजा म्हणाली.

“चालतंय ना? मग प्रकाराचं काय घेऊन बसलीस?”

शुक्रवारी पद्धतीने, एकही चूक न करता, कोथरूडपासून कात्रजपर्यंतचे रहिवासी काढून टाकले.

ऋतुजा घरी पोचली तेव्हा अख्खी सोसायटी भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकाबाहेर उभी होती. “म्याडम, मी वळखतो हो तुमाला,” वॉचमन सुखदेव म्हणाला, “पर मशिनीत तुमी न्हाई.” घराचं बघता आलं असतं. नोकरी गेली, हे मात्र तिला तिथेच कळलं.

सोमवारी चौकशी समिती बसली. पद्धत निर्दोष ठरली. पृथ्वीराजही निर्दोष ठरला (अध्यक्ष तोच होता). उरली ऋतुजा. तिने ॲपच्या अटी समितीपुढे उघडल्या: ‘ही सेवा चाचणी स्वरूपाची असून कधीही काढून घेतली जाईल.’ खाली प्रत्येक रहिवाशाची खूण होती: ‘वाचलं, समजलं, मान्य.’

समितीने सुटकेचा निःश्वास टाकला. दोष रहिवाशांवर निश्चित झाला, ऋतुजा कायम झाली आणि सर्व दोषींकडून मोबाइलवर कबुलीजबाब मागवण्यात आला. तुमचा कालच मिळाला. नेहमीप्रमाणे न वाचता ‘मान्य’ दाबल्याबद्दल समिती आपली आभारी आहे.