गौरजाच्या नावाचं गाऱ्हाणं

“पंधरा दिवसांत पोरगी हसती करून दाखवतो, नाहीतर नाव लावणार नाही!” बाबांनी अख्ख्या वाडीला ऐकवलं, आणि घरात बसलेल्या गौरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसू घालवलं होतं कुणी? बाबांनीच! दहावीचं वर्ष म्हणून त्यांनी तिला कबड्डीच्या संघातून काढलं होतं. तेही परस्पर, शाळेत जाऊन! खेळ सुटला तसं तिला जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना, पुस्तक उघडलं की डोळे भरून यायचे.

आईने हट्ट धरला म्हणून तिला कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“हिला घाम येईपर्यंत हालचाल हवी. मन मोकळं होतं त्याने,” बाई म्हणाल्या. “आधी काही खेळायची का?”

“छे हो! खास असं काही नाही,” बाबा त्यांच्या ओरोसच्या सरकारी ऑफिसातल्या साहेबी आवाजात म्हणाले.

गौरजाला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि...!

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला शिट्टी! “ऊठ गो! धाव!” ती रागाने अशी सुटली, की शंभर पावलांत बाबा मागे पडले, त्यांच्यामागे कुत्री लागली आणि बाबा शेजाऱ्यांच्या शेणाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत रुतले. माणूस शहाणा झाला असता. पण छे!

“व्यायामान काय होणा नाय,” लंगडत घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. “हिका कायतरी बाधलाहा. देवाक गाऱ्हाणा घालूया!”

रविवारी देवळात पन्नास माणसं जमली. वर्गातल्या दोन पोरीसुद्धा! गौरजाचे कान संतापाने तापले. संघात परत यायचं तर जिल्हा स्पर्धेच्या फॉर्मवर पालकांची सही सोमवारपर्यंत हवी होती, आणि पालक इथे नारळ घेऊन उभे!

गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान दाजींचा. म्हातारा भलता काटेकोर. “देवाक अर्धवट सांगून चालाचा नाय. नेमका काय झाला?”

“काय एक नाय,” बाबा म्हणाले. “अशीच गप गप आसता.”

“खोटा!” गौरजा ओरडली. देऊळ दणाणलं. “माका कबड्डीतसून काढल्यानी! म्हणून माका रडू येता! आणि माकाच म्हणतत, बाधलाहा!”

“गप गो!” बाबांनी दात-ओठ खाल्ले. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती, हे गौरजाने बरोबर ओळखलं.

दाजींनी शांतपणे हात जोडले. “बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे गरजले.

“ह्या लेकराक ज्या कोणी खेळातसून काढल्यान, त्येका सुबुद्धी दी, रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि त्येच्या हातान उद्याच्या आत सही होवंदे, रे म्हाराजा!” हे वाक्य दाजींना मागून आईने हळूच पुरवलं होतं.

“होय म्हाराजा!”

दाजी थांबले. मागे वळले. “सुदेशा, तुझो आवाज येवक नाय.”

पन्नास माना बाबांकडे वळल्या. समोर देव, हातात नारळ! बाबांनी नारळ कपाळाला लावला. “हो... होय म्हाराजा.”

घरी येताच त्यांनी सही केली. इतक्या रागाने, की पेनाने कागद फाटला. “घे! आणि पाय मोडलो तर माझ्यासमोर रडत येव नको!”

गौरजाने फॉर्म छातीशी धरला. देवाने सुबुद्धी दिली होती खरी, पण बाबांच्या तोंडालाही वळण लाव, हे गाऱ्हाण्यात घालायचं राहूनच गेलं होतं!