कायम चालणारं दुकान

लरीसाच्या अहवालाचं अकरावं पान दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं होतं आणि ते वाचायला उणे वीस अंशांत तीन माणसं थांबली होती.

विनिपेगच्या विद्यापीठात ती उपयोजित वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. एखाद्या चालत्या धंद्याची किंमत काढून आणा, असं सरांनी सांगितल्यावर तिने आजोबांचं दुकान निवडलं. बर्फावरच्या स्केट्सना धार लावायचं आणि बुटांना तळवे ठोकायचं हे दुकान त्रेपन्न वर्षांचं होतं. रविवारी त्यांच्याकडे बोर्श्ट, म्हणजे बीटाचं सूप, प्यायला गेली आणि अहवालाची एक प्रत आजोबांच्या टेबलावर विसरून आली. एवढंच काय ते घडलं.

आता झालं होतं असं. धंद्याची पुढची पाच वर्षं कशीबशी मांडता येतात. त्यापुढचं कुणालाच दिसत नाही. म्हणून या शास्त्रात एक सोय केलेली आहे. 'यानंतर हा धंदा कायम चालेल' असं लिहायचं आणि पुढचं गणित करायचं. लरीसाच्या वर्गात सगळ्यांनीच ते वाक्य लिहिलं होतं, अगदी जांभई देत. तिच्या दीदोंनी, म्हणजे आजोबांनी, ते भिंग लावून दोनदा वाचलं.

सोमवारी ते वाक्य असलेलं पान काचेवर लागलं. शुक्रवारी दुकान शेजारच्या मोबाइलवाल्याच्या ताब्यात जायचं होतं. मंगळवारी दीदोंनी त्याला नाही म्हणून कळवलं. बुधवारी धारेचे दोन नवे दगड मागवले. गुरुवारी सकाळी दूरच्या केलोना शहरातून लरीसाच्या आईचा फोन आला.

"तू लिहून दिलंस म्हणे, की बाबांनी मरेपर्यंत काम करावं?"

"मरेपर्यंत नाही गं आई. कायम."

"वा! त्यांच्या गुडघ्यांना विचारलंस का? गेल्या महिन्यात पायरीवरून पडले ते. मी इथे त्यांच्यासाठी खोली रंगवून बसलेय. ते शुक्रवारी निघणार होते, लरीसा. तू बिघडवलंस, तूच निस्तर."

बसमध्ये लरीसाने वाक्य जुळवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं, की कायम वगैरे काही नसतं, ती फक्त वर्गातली सोय असते? दोनदा तिला रडू आलं आणि एकदा तिचा थांबा चुकला.

दुकानात दीदो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर पाय लांब करून बसले होते. त्यांनी तिला जवळ बसवलं.

"बोल, विदुषी."

"दीदो, ते पान... ते खरं नाहीये. म्हणजे खोटंही नाही. आम्हाला पाच वर्षांपुढचं काही कळत नाही."

"मग?"

"मग आम्ही कायम लिहितो."

दीदोंनी जरा विचार केला. "कळत नाही, म्हणून कायम?"

"हो."

"आणि याची पदवी देतात?"

"तीही दुसरी," लरीसा हळूच म्हणाली. "दीदो, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"वाईट कशाला? मी अकराच्या अकरा पानं वाचली. दगड आहेत, भाडं आहे, विजेचं बिलसुद्धा आहे. मी कुठे आहे ते शोधलं. माझं नाव एकदाही नाही."

"अहो, अहवालात तसं नाव घालत नाहीत..."

"बरोबर केलंस. मला कायम चालता येणार नाही, मी पायरीवरच पडतो. दुकानाला मात्र येईल. फक्त पहाटे उठणारं दुसरं कुणीतरी हवं. मोबाइलवाला हे धारेचं यंत्र भंगारात देणार होता."

तेव्हा कुठे लरीसाच्या लक्षात आलं, की दीदो तिच्यासमोर बसलेले आहेत आणि आत यंत्र चालू आहे.

ते बंद झालं आणि पडद्याआडून हातात एक स्केट घेऊन पॅट्रिस बाहेर आली. बस चालवणारी, तीन हॉकीवाल्या मुलांची आई, गेली नऊ वर्षं दर शनिवारी दीदोंच्या धारेत खोट काढणारी.

"उद्या दुकान घ्यायच्या कागदांवर ही सही करणार आहे," दीदो म्हणाले. "म्हटलं, एवढं कळतं तर स्वतःच कर."

"चुकलंच माझं," पॅट्रिस म्हणाली. "लांबून फार सोपं दिसतं हे. घ्या, बघा."

दीदोंनी स्केट उलटा धरला आणि पात्याच्या दोन्ही धारांवर आडवं नाणं ठेवलं. नाणं एका बाजूला कललं.

"हा घालून तुझा पोरगा फक्त डावीकडे वळेल."

"कालपासून तसाच वळतोय," पॅट्रिस म्हणाली आणि स्केट घेऊन पुन्हा आत गेली.

लरीसाने तिथूनच आईला फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं. आई रागावलेली नव्हती, नाक पुसत होती.

"म्हणजे तिला शिकवून झालं की येतील ना ते? कधी?"

"दीदो म्हणतात, एप्रिलमध्ये."

"नक्की?"

आत यंत्र पुन्हा सुरू झालं. दीदो त्याचा आवाज कान देऊन ऐकत होते. त्यांनी सावकाश मान हलवली, आणि ती होकारार्थी नव्हती.

"कायमचं सांगता येतं, आई," लरीसा म्हणाली. "एप्रिलचं जरा अवघड आहे."