पाथरवटांची जूट मोडली ती हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणीं माथा ठेवून, जें पाहिलें व जें पाहणारांपासून ऐकिलें, तें पदरचें न घालितां लिहितों. शके सोळाशें त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं ऐसें वर्तमान जाहलें कीं, राजधानीस नवा तट चढत होता आणि त्या कामावर तीनशें पाथरवट लाविले होते, आणि एके दिवशीं पश्चिम बुरुजाची परांची मोडून सात माणूस चिऱ्यांखालीं ठार जाहलें. सरकारांतून चौकशी आली ती इतकीच, कीं चिरे किती फुटले. मग सटवोजी पाथरवट म्हणोन एक, पन्नाशीचा, बोलणें थोडें, हात सोन्याचा, तो साती चिता विझेतों उभा राहिला, आणि तिसरे दिवशीं सर्वांस खाणींत मेळवून बोलिला, "एकेकटे बोलूं तर फटके खाऊं. तीनशें तोंडांनीं एकच बोल बोलूं." सर्वांनीं छिन्नीहातोड्यावर हात ठेवून शपथ वाहिली, तीस जूट ऐसें नांव पडलें, आणि जुटीनें अर्ज केला कीं, परांचीस नवे वासे व दोर द्यावे, तोंवर हातोडा उचलणें नाहीं.

महाराज बोलिले, "द्यावे, त्यांत काय जातें?" परंतु दिवाण नारोपंत बहुत धोरणी. त्यांणीं हात जोडून विनंती केली, "महाराज, वासे शंभर देऊं. परंतु मागितले म्हणोन दिले, तर मागावयाची रीत पडते. आज पाथरवट, उद्यां कोष्टी, परवां शिलेदार. मग राज्य कोणीं करावें?" महाराज उगेच राहिले, आणि उगेपण हीच आज्ञा मानून पंतांनीं कारभार मांडिला. फौज पाठविली नाहीं. दवंडी पिटविली कीं, तट अपुरा राहून परचक्र आलें, लेकीबाळी लुटल्या गेल्या, तर दोष पाथरवटांचा. आणि शहर फिरलें. ज्यांणीं चितांस लांकडें दिलीं तेच दारें लावूं लागले, सटवोजीची बायको भागू पाणवठ्यावर गेली तों बायांनीं घागर फोडिली, आणि ती ओलीच घरीं येऊन म्हणाली, "माझ्या घागरीनं तट अडला म्हणत्यात." सटवोजी हंसावयास गेला, परंतु हंसूं आलें नाहीं.

एकवीस दिवस तटावर हातोडा वाजला नाहीं. बाविसावे दिवशीं पंतांनीं सटवोजीस जवळ बसविलें, विडा पुढें केला आणि म्हणाले, "जूट वाईट ऐसें आम्हीं कधीं म्हटलें? जूट असावी. परंतु तिचा नाईक सरकारनें नेमावा. तूंच हो." सटवोजी म्हणाला, "सरकार, नाईक तुमचा जाहला, तर मेलेल्यांचे वतीनें कोण बोलेल?" पंत म्हणाले, "मेलेले बोलत नाहींत, हेंच त्यांचें बरें." सटवोजीनें विडा घेतला नाहीं. तो सायंकाळीं भागूचे भावानें, जुटींतल्याच हैबतीनें, उचलिला. आणि दुसरे दिवशीं हुकूम सुटला कीं, हैबतीची जूट तीच राजमान्य जूट, दुसरींत बसेल तो राजद्रोही. मग हैबती सरकारांतून मिळालेला मंदील बांधून बहिणीचे दारीं आला, म्हणाला, "दाजी, पोरं उपाशी हायेत. मी तरी काय करूं?" सटवोजी म्हणाला, "उपास मलाबी ठावा हाय. आत ये, जेव. पर तो मंदील भाईर ठेव." हैबतीनें मंदील काढिला, हातीं घेऊन घटकाभर उभा राहिला, आणि फिरून डोईवर ठेवून निघोन गेला. भागू त्याचे पाठीकडे पाहत राहिली.

मग तीनशांचे चाळीस राहिले, चाळिसांचे नऊ, आणि पौषअखेर एकटा सटवोजी. त्यास हद्दपारीचा हुकूम जाहला. नवराबायको चालत शेजारचे राज्याचे चौकीस गेलीं, तों तेथील हवालदारानें त्याचे हात पाहून पुसिलें, "पाथरवट? जुटीचा?" नाहीं म्हटलें असतें तर भाकर होती. सटवोजी म्हणाला, "जुटीचा." हवालदारानें रिकामे वाटेकडे पाहिलें. "जूट आहे कोठें?" भागूनें डोईचें गांठोडें खालीं ठेविलें आणि म्हणाली, "ही काय. दोघांची." हवालदार वरमला, परंतु नारोपंतांचें पत्र आगाऊ पोंचलें होतें, वाट दिली नाहीं. तीं नदीकांठानें खालीं उतरलीं इतकें लोकांनीं पाहिलें, पुढील ठाव लागला नाहीं.

एवंच तट तीन वर्षांत पुरा जाहला, परचक्र कांहीं आलें नाहीं. त्या अवधींत आणीक एकतीस माणूस परांचीवरून पडलें. अर्ज एकही आला नाहीं, म्हणोन दफ्तरीं प्रजा सुखी ऐसें लिहिलें आहे.