मौनींची पदं आणि मामाचं मोजमाप

"हा मुलगा मोजतो छान. फक्त काय मोजतोय, ते त्याला विचारू नका."

मामाच्या तिसरीतल्या बाई शाळेच्या व्हरांड्यात माझ्या आजीला असं म्हणाल्या होत्या. त्यांचा तो बारीक, खडूच्या धुळीनं बसलेला आवाज अजून आपल्या कानात आहे, असं मामा सांगतो. त्याचा कान बहुधा पहिल्या वाक्यालाच तृप्त होऊन मिटला असावा, कारण दुसरं वाक्य मला माझ्या आईकडून कळलं. ती त्याची थोरली बहीण. तेव्हा आजीचं बोट धरून शेजारीच उभी होती.

त्या अर्ध्या प्रशस्तीवर मामानं सगळी नोकरी काढली. चौकात खुर्ची टाकून येणारीजाणारी वाहनं मोजायची आणि आकडा वर पाठवायचा. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून तो गुप्तहेर झाला. तसं कार्डच छापून घेतलं: 'शब्दशोधक. लेखक कोणीही असो, सुटका नाही.' नवीन माणूस भेटला की तो स्वतःची ओळख करून देतो, आणि ती ऐकताना एखादा थोर पुरुष नुकताच वारला असावा असं वाटतं. गरुडाची नजर, हिमनगासारखं डोकं, आणि नम्रता तर विचारूच नका. विचारलं नाही तरी तो सांगतोच.

त्याचं शास्त्र मात्र खरं आहे, हे मला कबूल करावं लागतं. माणूस लिहिताना मोठे शब्द जपून वापरतो आणि छोट्यांकडे त्याचं लक्ष नसतं. 'पण', 'तर', 'मात्र', 'म्हणजे' हे शब्द प्रत्येकाच्या हातून आपापल्या प्रमाणात सांडतात. एकाच्या दोन लिखाणांत ते प्रमाण जुळतं, दोघांच्या लिखाणात जुळत नाही. मोजणी संगणक करतो, संगणक मी चालवते, आणि निष्कर्ष मामा काढतो. कामाची वाटणी अशी असल्यावर काय होणार, हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. आमच्या इमारतीत लिफ्टबद्दल निनावी तक्रार आली होती, तेव्हा आठवडाभर शब्द मोजून मामानं खुद्द अध्यक्षांना पकडलं. कागदाच्या मागे त्यांची सही होती. मामाचं म्हणणं, सही काय, कुणीही करू शकतं.

मौनींचं प्रकरण आमच्याकडे आलं ते दाताच्या दवाखान्यात. मामाची दाढ दुखत होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, आणि मग माझ्याशी बोलता बोलता आपली अडचण सांगितली. अशिलाचं म्हणणं मामानं मधे न बोलता ऐकल्याची ही एकमेव नोंद.

बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बोलत जवळजवळ नसत, म्हणून लोक त्यांना मौनी म्हणत. पण त्यांनी पदं लिहिली. आत्म्याची, अंधाराची, नाव नसलेल्या कुणाच्या तरी भेटीची. ती वाचून माणसं त्यांच्या दुकानात येऊन नुसती बसू लागली. पुढे भक्तमंडळ झालं, मंडळाचं मासिक निघालं, आणि मासिकात मौनींच्या नावानं एक सदर चालू झालं. लोकांनी अडचणी विचारायच्या, मौनींनी उत्तरं द्यायची. आता मौनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पदांचं नवं पुस्तक छपाईला निघालं होतं, आणि नेमक्या वेळी एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की सदर लिहिणारा हात आणि पदं लिहिणारा हात एक वाटत नाही.

"सदर त्यांचंच आहे," बाई म्हणाल्या, "त्याबद्दल मला शंका नाही. त्यातलं एक उत्तर माझं आहे."

बारा वर्षांच्या असताना त्यांनी एका मुलाच्या नावानं सदराला पत्र पाठवलं होतं. माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत, माझं काय चुकलं? पुढच्या अंकात उत्तर आलं. बाबा घरात त्यानंतरही बोलले नाहीत, पण बाई त्या उत्तराच्या आधारानं मोठ्या झाल्या. वडिलांकडून मिळालेलं असं त्यांच्यापाशी एवढंच होतं: ते उत्तर, आणि पदं. पदं दुसऱ्याची निघाली तर पुस्तकावरून वडिलांचं नाव काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बाबांच्या नावावर उसनं काही नको.

मामानं खुर्चीतूनच हात वर केला. बाईंना वाटलं, दुखतंय. त्यानं प्रकरण हाती घेतलं होतं.

बाई दवाखान्याच्या वरच राहायच्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही संगणक मांडला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाईंची आई मटार सोलत असायच्या. मी त्यांना आजी म्हणू लागले, मामा मावशी म्हणायचा. आजींना बोलायला आवडायचं. चाळीस वर्षं मुक्या माणसाशी संसार केला, तेव्हा घरातल्या दोघांचं मिळून एकटीनंच बोलत आल्या असणार.

"बरं का, मी काय म्हणत होते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सुरू केलं.

मामानं तळहात दाखवून त्यांना थांबवलं. चौकात ट्रक थांबवायची त्याची जुनी सवय. ऐकीव माहिती आमच्या शास्त्रात धरत नाहीत, हे त्यानं त्यांना आदरपूर्वक समजावलं. आजींनी एक शेंग फोडली आणि आठच्या आठ दाणे भांड्यात टाकले. माझी खात्री आहे की मामानं तेही मोजले.

संगणकानं चित्र काढलं. प्रत्येक लिखाण म्हणजे एक ठिपका. सारख्या सवयीचे ठिपके जवळ, वेगळे लांब. सदराचे सगळे ठिपके डावीकडे दाटीवाटीनं बसले, पदांचे उजवीकडे, आणि मधे एवढी मोकळी जागा की तिथं एखादी मोटार उभी करता आली असती. लेखक दोन, यात वाद नव्हता. सदर मौनींचं हे ठरलेलंच, तेव्हा पदं कुणाची, एवढंच शोधायचं होतं. ते नक्की कुणी ठरवलं, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाला, गृहीतकाला आईबाप नसतात.

पहिला संशय मंडळाच्या व्यवस्थापकांवर. त्यांचा दुकानात वावर होता, पदांच्या वह्या त्यांच्याकडे असत, आणि मामाच्या मते त्यांचे डोळे जवळजवळ होते. त्यांनी लिहिलेल्या सूचना आम्ही मिळवल्या. त्या माणसाला 'सदर' शब्दावाचून पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. सदर चपला सदर जागी ठेवाव्यात. आत्म्याबद्दल लिहिताना असा मनुष्य एकदा तरी 'सदर आत्मा' म्हणालाच असता, पण पदांत तसं कुठंही नव्हतं. त्यांचा ठिपका चित्राच्या कोपऱ्यात एकटा जाऊन बसला. आपण कवी नाही हे शास्त्रानं सिद्ध झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला बिस्किटं पाठवली.

मग समाधी. मौनी समाधीत गेले की दुसरेच कुणी होत, आणि तो दुसरा पदं लिही, असा सिद्धान्त मामानं मांडला. तपासून बघायला तो स्वतःच टेबलाशी डोळे मिटून, हातात पेन घेऊन बसला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. थोड्या वेळानं त्याचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला. कागदावर एक लांब रेघ उमटली होती. मामानं ती जपून ठेवली आहे. त्याच्या मते तिच्यात काहीतरी आहे.

तिसरा सिद्धान्त नाजूक होता. त्यासाठी त्यानं बाईंना खाली पेशंट बघायला जाऊ दिलं, खुर्ची आजींजवळ ओढली, आणि पुष्कळ आढेवेढे घेऊन विचारलं, की मौनींच्या आयुष्यात दुसरी कुणी होती का.

"होती की," आजी म्हणाल्या. "भिंतीवरची ती मोठी. तिला रोज सकाळी चावी द्यायचे. मला इतक्या वेळेवर चहासुद्धा विचारला नाही कधी."

मामानं मान वर करून घड्याळाकडे असं पाहिलं की एक क्षण मला वाटलं, हा तिचीही जबानी घेणार.

दरम्यान मी एक आगाऊपणा केला होता. घरात एक कपाट होतं. लोक दुरुस्तीला देऊन परत न्यायला विसरले अशा घड्याळांचं. प्रत्येकाला दोऱ्यानं मौनींच्या हातची चिठ्ठी बांधलेली. संगणकाला जितका जास्त मजकूर तितकं बरं, म्हणून मी त्या सगळ्या टाइप करून आत घातल्या. 'थांबलंय. मोडलेलं नाही. आत धूळ.' 'चावी फार दिलीत. थोडं विसरा त्याला.' 'काटे ठीक. घाई तुमची.' अशा. संगणकानं त्या चिठ्ठ्या नेल्या आणि पदांच्या घोळक्यात अगदी मधोमध नेऊन बसवल्या, जशी एखादी चुकलेली मुलगी नातेवाइकांत जाऊन बसावी.

मामाला मी ते दाखवलं. तो हसला. संत कुठं आणि दुरुस्तीच्या चिठ्ठ्या कुठं, म्हणाला, यंत्र थकलंय, काढ त्या. मी काढल्या. मूळ प्रत मात्र ठेवून दिली. हुकूम पाळला, पण डोळे थोडेच काढून ठेवायचे असतात.

रविवारी, दवाखाना बंद असताना, निकाल ऐकायला सगळे टेबलाभोवती जमले. बाई, आजी, चपलांचे व्यवस्थापक. मामानं कोट घातला होता. त्यानं आधी स्वतःबद्दल सांगितलं, मग शास्त्राबद्दल, मग पुन्हा स्वतःबद्दल. आणि जाहीर केलं, की पदांचा कर्ता एक अज्ञात इसम असून तो मौनी खचित नव्हे.

व्यवस्थापक म्हणू लागले, सदर बातमीनं लोक मोडून पडतील, माणसं मरताना ही पदं मागतात. बाईंनी त्यांचं पुरतं ऐकून घेतलं. मग कुठला दात ठेवता येणार नाही हे पेशंटला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, की उद्या छापखान्यात फोन करा आणि पुस्तकावरचं नाव काढायला सांगा. मला माझं उत्तर आहे, तेवढं पुरे.

त्यांनी तो 'पुरे' इतका सरळ उच्चारला की मामासुद्धा कोटाची बटणं चाचपू लागला.

"नाव काढू नकोस," आजी म्हणाल्या. "पदं त्यांचीच आहेत."

मामानं पुन्हा तळहात उचलला. मावशी, पदं त्यांची म्हटलीत तर सदर दुसऱ्याचं ठरतं, म्हणाला. असं कसं चालेल.

"हो. ते माझं."

आजींनी मटाराचं भांडं बाजूला सरकवलं. व्यवस्थापक दर महिन्याला पत्रं आणून द्यायचे, म्हणाल्या. मौनी कागद घेऊन बसायचे आणि कोराच परत द्यायचे. लोक उत्तराची वाट बघतायत, तर तेवढ्यापुरतं आपण लिहावं, असं म्हणून त्यांनी एकदा लिहिलं. मौनींनी वाचून मान हलवली. मग पुढच्या महिन्यात परत. गॅसवाल्याला चिठ्ठी, शाळेला अर्ज, नातेवाइकांना चार ओळी, सगळं नवऱ्याच्या नावानं त्याच लिहीत होत्या, त्यात हे एक. यात कुणाला काही सांगण्यासारखं आहे, असं तेव्हा वाटलंच नाही, बरं का.

'बरं का' आणि 'तेवढ्यापुरतं'. डावीकडच्या प्रत्येक ठिपक्यात हे दोन शब्द मुंग्यांसारखे भरलेले होते. ते मोजत आम्ही महिनाभर ज्या आजींसमोर बसलो, त्यांनाच बोलू नका म्हणून सांगत होतो. मी चिठ्ठ्या परत संगणकात घातल्या आणि पडदा बाईंकडे वळवला. चिठ्ठ्या सरळ पदांत जाऊन बसल्या. मामानं वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि खाकरून म्हणाला, की लेखक दोन आहेत हे मुळात कुणी शोधलं, याची नोंद व्हावी.

ती कुणी घेतली नाही. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांना वडिलांची पदं परत मिळाली होती, आणि त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"म्हणजे माझं उत्तर तू लिहिलंस," त्या म्हणाल्या.

"मी."

"माझं आहे, हे तुला माहीत होतं?"

"पाकिटावर नाव मुलाचं, आणि अक्षर तुझं. मला कळणार नाही होय गं?"

बाईंनी टेबलावरची एक रिकामी शेंग उचलली. बोटांनी दाबली, उघडली, परत मिटली. पुढचा प्रश्न त्यांनी शेंगेलाच विचारला. "बाबांना दाखवलंच नसशील."

आजींनी मटाराचं भांडं परत पुढ्यात ओढलं, पण शेंग काही घेतली नाही. व्यवस्थापक उठू का नको अशा बेतात होते. मामानं आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मोजता खिडकीबाहेर पाहिलं.

"दाखवलं," आजी म्हणाल्या. "त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, बाकी सगळी मी लिहीन, हे एक तुम्ही लिहा. दुकान बंद ठेवून बसले. मग कागद आणून दिला हातात, आणि त्यावर पद. मी चिडले गं. म्हटलं, अहो, बारा वर्षांची पोर, तिला यातलं काय कळायचं? पद ठेवलं वहीत आणि उत्तर मी लिहिलं. त्यांनी मान हलवली. तू ते उत्तर उशाशी घेऊन झोपायला लागलीस, मग सांगू कशी?"

"कुठलं पद?"

आजींनी ते वाचल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं म्हटलं.

"आत दिवा जळे, बाहेर मी उभा,
दार मधे उभं, उघडंच।
पाऊल उचलेना, हाक ही फुटेना,
उजेड येऊन बसे पायांवर।"

"ते तर मंडळात सगळ्यात आधी म्हणतात ते पद," व्यवस्थापक पुटपुटले. "परमेश्वराचं दार."

"तुझ्या खोलीचं दार," आजी लेकीला म्हणाल्या. "संध्याकाळी तू अभ्यासाला बसलीस की रोज तिथं येऊन उभे राहायचे. तुझी पाठ असायची दाराकडं. आणि मी स्वयंपाकघरातून बघत असायची, बरं का, आणि तुला एकदाही म्हटलं नाही, की मागं बघ."